फॉरमॅट मारायच्या आधी

पत्र : ताई, नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मागच्या खोलीत टॉवेलचे चार यंत्रमाग, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर. महिन्याभरापासून त्याला व्हायरस लागलाय. उजव्या कोपऱ्यात खाली सारख्या लाल सूचना येतात, '५ व्हायरस सापडले' म्हणून. पंखा घोंघावतो, दुपारी मशीन आपोआप बंद पडतं. जीएसटीचे कागद काढायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेला, तेव्हापासून त्यात फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात. मागच्या मंगळवारी तर सगळी स्क्रीन निळी झाली, भोंगा वाजायला लागला आणि एक फोन नंबर आला. घाबरून मी फोन लावला. समोरच्याने एनीडेस्क उतरवायला लावलं, त्यातले आकडे विचारले, मी सांगितले. मग स्क्रीनवर काहीतरी विचारणारी चौकट आली आणि तेवढ्यात लाइट गेली. तेव्हापासून मशीन बंदच ठेवलंय. दुकानदार म्हणतो, ८०० रुपयांत फॉरमॅट मारून सगळं साफ करतो. मुलगा दहावीला आहे. त्यानेच गेम टाकून हे केलं असं आम्हाला वाटतं, तो रडून नाही म्हणतो. आत सात वर्षांचे हिशेब आणि मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत. फॉरमॅट मारू का?

दादा, नमस्कार.

आत्ता नका मारू. पुढे कदाचित मारावं लागेल, पण त्याआधी करायची कामं आहेत आणि त्यातलं पहिलं काम कॉम्प्युटरवरचं नाहीच. म्हणून हे पत्र वाचताना मशीनला हात लावू नका, फोन हातात घ्या.

मंगळवारचा तो निळा पडदा व्हायरस नव्हता. ते एक वेबपान होतं, पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं, आवाजासकट. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं आहे. तो नंबर चोरांचा होता. त्यांना तुमच्या मशीनमध्ये शिरायला कुठलाही व्हायरस लागत नाही, तुमची भीती पुरते. असं पुन्हा झालं तर कीबोर्डवर ऑल्ट आणि एफ-४ एकदम दाबा. नाही बंद झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर 'एंड टास्क' करा. तेही जमलं नाही तर सरळ बटण दाबून मशीन बंद करा, काही बिघडत नाही.

आता महत्त्वाचं. एनीडेस्क म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर बघायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. त्यातले आकडे नुसते सांगितल्याने समोरचा आत येत नाही. तो विनंती पाठवतो, तुमच्या स्क्रीनवर चौकट येते आणि तुम्ही 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं तरच त्याला तुमची स्क्रीन दिसते. तुम्हाला दिसली ती हीच चौकट असणार. तुम्ही ते बटण दाबलं होतं की लाइट आधी गेली, ते तुमच्या पत्रात स्पष्ट नाही. माझा अंदाज, तुम्हालाही नीट आठवत नसेल. भोंगा वाजत असताना, कानाला फोन असताना, कुणाला आठवेल? म्हणून दाबलं होतं असंच धरून चालायचं.

तुमच्या फोनवरून बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करा. नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या, गूगलवर शोधू नका. तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. नेट बँकिंग तात्पुरतं बंद करून घ्या. मग मंगळवारपासूनचं स्टेटमेंट पाहा. एक रुपयासुद्धा अनोळखी जागी गेलेला दिसला तर लगेच १९३० वर फोन करा. ती सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उड्या मारत असतात. वाटेत अडवता आले तर परत मिळण्याची आशा राहते, म्हणून इथे तासातासाला किंमत आहे. तक्रार क्रमांक आणि वेळ वहीत लिहून ठेवा. पुढे बँकेशी बोलताना हीच वही उपयोगी पडते.

नंतर पासवर्ड. आधी ईमेलचा, मग बँकेचा, मग जीएसटी पोर्टलचा. ईमेल पहिला अशासाठी, की बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलो'चे निरोप तिथेच येतात. ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. हे बदल फोनवरूनच करायचे. मशीन साफ होण्याआधी त्यावरच नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोर घरात असताना कुलूप बदलणं. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'तुमची डिव्हाइसेस' अशी यादी असते. तीत ओळखीचं नसेल ते काढून टाका आणि दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करा.

एवढं झालं की जरा पाणी प्या. आता मशीन.

तुम्ही पत्रात 'व्हायरस लागलाय' असं एकच वाक्य लिहिलंय, पण त्यात चार वेगवेगळी दुखणी आहेत. साप साप म्हणून भुई धोपटायची वेळ येते ती अशीच. निळ्या पडद्याचं सांगितलं. उरलेल्या तिघांपैकी बहुधा एकच खरा व्हायरस आहे आणि तो सगळ्यात गप्प बसलाय. ज्याला खरोखर चोरी करायची आहे तो पाच व्हायरस सापडल्याची दवंडी पिटत नाही.

मशीन चालू करण्याआधी इंटरनेटची वायर काढा, वायफाय असेल तर राउटरच बंद करा. एनीडेस्क बसवलेलं असेल तर ते विंडोजबरोबर आपोआप सुरू होतं, पण नेटशिवाय त्याचा काही उपयोग नाही. आता ते काढून टाकायची घाई करू नका, आधी एक गोष्ट बघू. बाहेरून कोण आत आलं याची नोंद एनीडेस्क एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं. तिचं नाव 'कनेक्शन ट्रेस'. सी ड्राइव्हमधल्या 'प्रोग्रॅम डेटा' या लपलेल्या फोल्डरात एनीडेस्कच्या नावाचा फोल्डर असतो, त्यात ती सापडते. प्रोग्रॅम न बसवता नुसता चालवला असेल तर तुमच्या युझरच्या 'अ‍ॅप डेटा'त, 'रोमिंग'खाली. तीत मंगळवारची तारीख असेल तर त्या ओळीचा फोनने फोटो काढा. ओळीत 'रिजेक्टेड' लिहिलेलं असेल तर विनंती आली पण दार उघडलं नाही. 'यूझर' असेल तर तुम्ही अ‍ॅक्सेप्ट दाबलं होतं. फाइलच नसेल किंवा त्या दिवशीची ओळच नसेल तर एमएसईबीचे आभार माना, मी मनापासून सांगतेय. फोटो काढून झाला की सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून एनीडेस्क काढा. टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर असं काही तुम्ही न टाकलेलं दिसलं तर तेही काढा.

आता कोपऱ्यातल्या लाल सूचना. कधीतरी एखाद्या पानावर, क्रिकेटची मॅच बघताना किंवा निकाल शोधताना, 'अलाऊ' असं बटण आलं असेल आणि घरातल्या कुणीतरी ते दाबलं असेल. त्या एका होकारावर ती वेबसाइट तुम्हाला वाटेल तेव्हा सूचना पाठवू शकते आणि ती सूचना विंडोजनेच दिल्यासारखी दिसते. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या वेबसाइटची यादी दिसेल. चित्रविचित्र नावांच्या सगळ्या काढून टाका. मग एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी बघा आणि अनोळखी तेही काढा. पाच मिनिटांचं काम आहे. या पाच मिनिटांसाठी तुमच्या घरात महिनाभर भांडण चाललंय.

पेनड्राइव्हचं दुखणं मात्र खरं आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनवर दिवसभरात किती पेनड्राइव्ह लागतात, विचार करा. त्या मशीनला किडा लागलेला असला की लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हवर तो उतरतो, तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट करून ठेवतो. तुम्ही हिशेबाचा फोल्डर समजून डबल-क्लिक करता तेव्हा फोल्डर उघडतो खरा, पण त्याबरोबर किडाही चालू होतो आणि तुमच्या मशीनवर जाऊन बसतो. तुमच्या फाइली गेलेल्या नाहीत. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये लपलेल्या गोष्टी दाखवण्याची खूण करा. तरी नाही दिसल्या तर तिथल्याच फोल्डर ऑप्शन्समध्ये 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स लपवा' ही खूण काढा. फिकट रंगात तुमचे फोल्डर दिसतील. पण हे मशीन साफ झाल्यावर करायचं, आधी नाही. मशीनवर किडा जिवंत असेल तर साफ केलेला पेनड्राइव्ह पुन्हा लावताच तो पुन्हा बाटतो. आणि आधी शॉर्टकटवर क्लिक कराल तर आतल्यालाच जेवायला वाढाल.

ही साफसफाई कशाने करायची? विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आयताच असतो, फुकट असतो आणि घरच्या कामाला पुरेसा असतो. तुम्ही आधीच दुसरा अँटिव्हायरस विकत घेतला असेल तर तोच वापरा, पण दोन एकत्र बसवू नका. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन आणखी रडतं. डिफेंडरची माहिती ताजी करायला थोडा वेळ नेट लागेल. एनीडेस्क काढल्यानंतर, ब्राउझर न उघडता, तेवढ्यापुरतं जोडा. मग विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स. तिथे सगळ्यात खाली 'ऑफलाइन स्कॅन' आहे, तो निवडा. मशीन बंद होऊन चालू होईल आणि विंडोज पूर्ण उठायच्या आतच तपासणी होईल, म्हणजे किडा जागा होऊन लपण्याआधीच. साधारण १५ मिनिटं लागतात. त्यानंतर 'फुल स्कॅन'. तो काही तास खातो, रात्री लावून झोपा. यूपीएस नसेल तर ज्या दिवशी लाइट जाण्याची शक्यता कमी तो दिवस निवडा. शेवटी पेनड्राइव्ह लावून त्याचा वेगळा स्कॅन.

डिफेंडर चालूच होत नसेल, चालू करून पुन्हा बंद पडत असेल, तर त्याचा अर्थ मोठा आहे. आणि इथे मला तुमच्या दुकानदाराकडे वळायचंय. 'फॉरमॅट मारून सगळं साफ' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण विंडोजची फुकटातली प्रत टाकतात आणि ती चालावी म्हणून पेनड्राइव्हवरून एक अ‍ॅक्टिव्हेटर चालवतात. तो चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. म्हणजे घर धुऊन काढायचं आणि जाताना मागचं दार उघडं ठेवून जायचं. अशाच फुकटच्या अ‍ॅक्टिव्हेटरमधून आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून खंडणीचे व्हायरस पसरतात. ते सगळ्या फाइली कुलूपबंद करतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. कधी फाइलींच्या नावाला विचित्र शेपूट लागलेलं दिसलं तर पैसेही देऊ नका आणि फॉरमॅटही मारू नका. युरोपोल, डच पोलिस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या वेबसाइटवर कित्येक प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसलेली किल्ली वर्षभराने येऊ शकते, पण फाइलच उरली नाही तर किल्ली कशाला लावणार?

फॉरमॅटबद्दल माझं मन इतकं कडू का आहे, तेही सांगते. वडील गेले त्या वर्षी आमचा घरचा कॉम्प्युटर असाच अडखळायला लागला. घरी येणाऱ्या एका दुरुस्तीवाल्याने विचारलं, "डी ड्राइव्ह ठेवतो, सी उडवतो, चालेल ना?" मी स्वयंपाकघरातून "हो" म्हटलं. वडिलांच्या आवाजातली भजनं डेस्कटॉपवर होती. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं आणि त्यानेही विचारलं नाही. कुणाला दोष देऊन ती भजनं परत आली नाहीत. म्हणून तुमच्या पत्रात लग्नाचे फोटो हे शब्द वाचले आणि पुढचं सगळं वाचायच्या आधी मी 'नका मारू' लिहायला घेतलं.

तेव्हा स्कॅन झाला की दुसरं काहीही करण्याआधी नकला काढा. नवीन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणा, ती या कामालाच राहू द्या. फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, एक्सेलच्या फाइली आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप, एवढंच तिच्यावर घ्या. बॅकअप सॉफ्टवेअरमधूनच काढा, नुसता फोल्डर उचलू नका. सेटअप, गेम, प्रोग्रॅम असलं काहीही घ्यायचं नाही, किडा त्यातूनच प्रवास करतो. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तीन ठिकाणं विसरू नका. नक्कल झाल्यावर चार-पाच फोटो आणि एक हिशेब त्या डिस्कवरून उघडून बघा. मग डिस्क काढून कपाटात. मशीनला कायम जोडून ठेवलेली नक्कल ही नक्कल नव्हे. मशीनला जे होईल ते तिलाही होईल. लग्नाचे फोटो मुलीच्या सासरी आणखी एका डिस्कवर असले तर उत्तम.

आता फॉरमॅटचा खरा निवाडा. कनेक्शन ट्रेसमध्ये 'यूझर' दिसलं, म्हणजे तो माणूस आत आला होता, किंवा ऑफलाइन स्कॅननंतरही डिफेंडर उभा राहत नसेल, तर फॉरमॅट माराच. परक्या माणसाने आत काय ठेवलं याची खात्री कुणीही देऊ शकत नाही, मीसुद्धा नाही. पण तेव्हा दुकानदाराला समोर बसून विचारा : विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं टाकणार का? अ‍ॅक्टिव्हेटर तर चालवणार नाही ना? मशीनबरोबर मूळ विंडोज आलेलं असेल तर त्याचा परवाना बहुतेक वेळा त्या मशीनशीच बांधलेला असतो, पुन्हा टाकल्यावर नेट लागताच तो आपोआप लागू होतो. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर कशाचे, ते विचारा. आणखी एक. मशीनवर विंडोज १० असेल तर त्याच्या नेहमीच्या सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. नोंदणी केलेल्या घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत आहे. फॉरमॅट करून पुन्हा १० च टाकणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

शेवटचं दुखणं पंख्याचं, आणि मला वाटतं मुलाच्या वाट्याला आलेला निम्मा दोष त्याचाच आहे.

टास्क मॅनेजर उघडा, बाकी सगळं बंद ठेवून सीपीयूचा आकडा दोन-तीन मिनिटं बघत बसा. काही चालू नसताना तो ८०-९० टक्क्यांवर असेल तर कोणता प्रोग्रॅम तो खातोय ते लिहून घ्या, त्यात संशयाला जागा आहे. पण आकडा पाच-दहावर असूनही पंखा घोंघावत असेल तर व्हायरस सोडा, कॉम्प्युटरचा डबा उघडा. मागच्या खोलीत चार माग चालतात दादा! मागाखाली रोज झाडून काढता तोच सुताचा केर हवेतून पुढच्या खोलीत येतो आणि कॉम्प्युटरचा पंखा तो दिवसभर आत ओढतो.

अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यातलं मशीन मी उघडलं होतं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या असतात, त्यातून उष्णता बाहेर जाते. तिथे पात्या दिसतच नव्हत्या. बोटभर जाडीची, पांढऱ्या टॉवेलच्या तुकड्यासारखी गच्च वळी बसलेली. चिमट्याने धरून ओढली तर अखंड निघाली, पात्यांचे ठसे उमटलेले. त्यावर आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे, बाहेर चाळीसच्या वर पारा आणि वर पत्रा. स्वतःला जळण्यापासून वाचवायला मशीन दुपारी आपोआप बंद होतं. तुमचंही दुपारीच बंद पडतं, असं तुम्हीच लिहिलंय.

वायर भिंतीतून काढा, दहा मिनिटं थांबा, बाजूचं झाकण उघडा. मऊ कोरडा रंगाचा ब्रश घ्या. पंखा एका बोटाने धरून ठेवा, तो फिरू द्यायचा नाही, आणि पात्यांमधला केर हळूहळू काढा. मागासाठी वापरता तो कॉम्प्रेसर नको, त्याच्या जोराने आणि पाण्याच्या अंशाने नुकसान होतं. तोंडाने फुंकूही नका. दर महिन्याला, माग पुसायच्या दिवशीच, हे करा. आणि जमलं तर डबा जमिनीवरून उचलून टेबलावर, मागाच्या खोलीच्या दारापासून दूर ठेवा.

हे काम मुलाला बरोबर घेऊन करा. झाकण उघडाल तेव्हा तो शेजारी असू दे, आत काय निघतं ते त्याला आणि वहिनींना दोघांनाही दिसू दे. गेममधून व्हायरस येतो का? येतो, फुकटचा क्रॅक केलेला गेम असेल तर नक्की येऊ शकतो. पण तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टींपैकी पेनड्राइव्ह तुम्ही नेलात, फोन तुम्ही लावलात, केर मागाचा आहे आणि 'अलाऊ' कुणी दाबलं ते कुणालाच माहीत नाही. दहावीच्या वर्षात हे ओझं त्याच्या डोक्यावर नको. त्याला तसं स्पष्ट सांगा, आपल्या तोंडाने. मुलाला रागाची भीती बसली की पुढच्या वेळी खरंच काही चुकीचं दाबलं तर तो सांगणार नाही, आणि तुम्हाला कळेपर्यंत बँक रिकामी झालेली असेल. मशीन साफ झाल्यावर सगळ्यांसाठी, तुमच्यासाठीसुद्धा, 'स्टँडर्ड' खातं बनवा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड वहिनींकडे द्या. मग नवीन काही बसवायचं तर घरात विचारावंच लागेल.

झेरॉक्ससाठी एक लहानसा वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, ज्याच्यावर त्या दिवसाच्या कागदाशिवाय दुसरं काही नसेल. घरी आणल्यावर त्याच्यातलं काही उघडू नका, सरळ तोच फॉरमॅट करा. फॉरमॅट मारायची खरी जागा ती.

स्कॅनमध्ये जे सापडेल त्याचं नाव 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसतं. त्याचा फोटो काढून मला पाठवा, आणि कनेक्शन ट्रेसमधली ती ओळही. बँकेला मात्र माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका, फोन आजच करा.